मिठीचा उतार

वारकऱ्याला नदी कोणी शिकवावी लागत नाही. आळंदी म्हटली की इंद्रायणी येते, पैठण म्हटले की गोदा येते आणि पंढरी म्हटली की चंद्रभागेवाचून ते नाव पुरेच होत नाही. आपल्या संप्रदायाचा भूगोल पाहा, तो सगळा नदीकाठाने गेलेला आहे. निवृत्तिनाथ गोदेच्या उगमापाशी त्र्यंबकेश्वरी, ज्ञानोबामाउली इंद्रायणीकाठी, सोपानदेव सासवडला कऱ्हेकाठी, मुक्ताबाई तापीच्या तीरी. तुकोबारायांची गाथा बुडाली ती इंद्रायणीत आणि वर आली तीही इंद्रायणीतूनच. नाथमहाराजांनी देह ठेवला तो गोदेच्या पाण्यात. भक्त पुंडलिक तर काठावरही नाही, तो चंद्रभागेच्या पात्रातच उभा आहे.

आता मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्या एखाद्या माळकऱ्याला विचारा, ‘माउली, तुम्ही राहता त्या गावाची नदी कोणती?’ तो आपल्या मूळ गावाची नदी सांगेल. घोड सांगेल, कुकडी सांगेल, कृष्णा-कोयना सांगेल, कोकणातला असेल तर वाशिष्ठी सांगेल. ‘ती गावची झाली. चाळीस वर्षे राहता त्या अंधेरीची, कुर्ल्याची, बोरिवलीची नदी कोणती?’ असे पुन्हा विचारले तर तो म्हणेल, ‘मुंबईत कुठली आली नदी? मुंबईला समुद्र आहे.’

हे उत्तर मी अनेक सप्ताहांत ऐकले आहे. मी आता पंचाहत्तरी ओलांडली. आळंदीला चार वर्षे अध्ययन झाले आणि त्यानंतर पंचेचाळीस वर्षे मुंबईच्या उपनगरांत कीर्तनसेवा घडली. अंधेरी, मरोळ, साकीनाका, घाटकोपर, भांडुप, मुलुंड, बोरिवली, जिथे पत्र्याचा मांडव पडला आणि विणा उभा राहिला तिथे गेलो. आवाज बसल्यापासून कीर्तन थांबले आहे, पण पाय चालतात. मरोळच्या आमच्या घरापासून सकाळी फिरायला निघालो की थोड्या वेळाने मी एका पुलावर येतो. पुलाखालून जे पाणी जाते त्याला आजूबाजूचे लोक नाला म्हणतात. ती मिठी नदी. तिच्याविषयी दोन शब्द वारकरी वाचकांपुढे ठेवावेत असे मनात होते, म्हणून हा लेख.

प्रथम ही नदी येते कोठून आणि जाते कोठे, ते पाहू. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान सर्वांना ठाऊक आहे. ज्या डोंगरात कान्हेरीची लेणी आहेत त्याच डोंगराच्या पोटात तुळशी आणि विहार हे दोन तलाव आहेत. विहार तलाव भरून वाहू लागला की त्याचे पाणी खाली येते. पुढे पवई तलावाच्या सांडव्याचे पाणी त्याला मिळते. मग ही नदी आरे, मरोळ, साकीनाका करत विमानतळाला वळसा घालून, काही ठिकाणी धावपट्टीच्या खालूनही, कुर्ल्याला येते. तेथून कलिना, वांद्रे-कुर्ला संकुल आणि धारावी यांच्या कडेकडेने माहीमच्या खाडीला मिळते. एकूण लांबी १७.८४ किलोमीटर. म्हणजे पालखी सोहळ्यात आपण एका दिवसात जेवढे चालतो, साधारण तेवढीच. सकाळी काकडा झाल्यावर निघालेला वारकरी दुपारच्या विसाव्यासह संध्याकाळच्या हरिपाठाला तिच्या मुखाशी पोहोचेल, इतकी ही नदी लहान.

मुंबईत ही एकटीच आहे असेही नाही. याच डोंगरातून आणखी तीन नद्या पश्चिमेला उतरतात, दहिसर नदी, पोयसर नदी आणि ओशिवरा नदी. बोरिवली-दहिसरचे वाचक दहिसर नदीच्या पुलावरून रोज जातात. ती तुळशी तलावाच्या बाजूने निघते आणि मनोरीच्या खाडीकडे जाते. मुलुंड-घाटकोपरकडचे ओढे पूर्वेला ठाण्याच्या खाडीत पडतात. म्हणजे उपनगराच्या मधोमध डोंगर आहे आणि त्याच्या दोन्ही कुशींतून पाणी खाली येते. बाकीच्या तीन नद्या उपनगरात उगम पावून उपनगरातच समुद्राला मिळतात. मिठीचे काम वेगळे आहे. तिने मुंबईचा नकाशा आखला आहे.

ते कसे, हे जरा सविस्तर सांगतो. मुंबई म्हणजे पूर्वी सात बेटे, कुलाबा, छोटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. ही बेटे भर घालून एक झाली. त्यांच्या उत्तरेला साष्टीचे मोठे बेट. वांद्रे, कुर्ला, अंधेरी, घाटकोपर, बोरिवली, मुलुंड हे सगळे साष्टीत. आणि या दोहोंच्या मधून, शीव-माहीमच्या उत्तरेने, मिठीचे पाणी आणि माहीमची खाडी. अलीकडे शहर, पलीकडे उपनगर. आजही सरकारदरबारी दोन जिल्हे आहेत, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर. उपनगर जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी वेगळा झाला आणि त्यांच्यातली सीमा पाहिली तर तुम्ही या पाण्याशीच येऊन थांबता. सरकारी कागद नको असेल तर रिक्षावाल्याला विचारा. मुलुंडपासून, बोरिवलीपासून रिक्षा सुखाने येते, पण वांद्र्याला आणि शीवच्या अलीकडे थांबते. पुढच्या शहरात तिला परवानगी नाही. नदीचे नाव कोणी घेत नाही, पण रिक्षाचे चाक मात्र तिच्यापाशी येऊन थबकते.

आपण लोकलने जातो तेव्हा ही नदी रोज ओलांडतो. पश्चिम रेल्वेची गाडी वांद्रे सोडून माहीमला येताना पुलावर तिचा आवाज बदलतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली. त्याच्याही आधी, १८४५ साली, माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये दगडी बांध झाला. तोवर माणसे नावेतून जात आणि पावसाळ्यात ते पाणी जिवावरचे असे. त्या कामासाठी लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी आपल्या पदरचे १,५७,००० रुपये दिले. अट एकच घातली, जाणाऱ्या-येणाऱ्याकडून पथकर घ्यायचा नाही. माहीमचा लेडी जमशेटजी मार्ग आपण जातायेता पाहतो, तो याच माउलीच्या नावाचा.

येथे थोडे शब्दाकडे वळावे लागेल. ‘तीर्थ’ हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो. त्याचे मूळ ‘तॄ’ या धातूत आहे. तरणे, पार होणे. नदी जिथून पायी उतरता येते, त्या जागेला पूर्वी तीर्थ म्हणत. आपल्या खेड्यातला माणूस त्यालाच ‘उतार’ म्हणतो. ‘नदीला उतार मिळाला’ म्हणजे पलीकडे जायची वाट सापडली. पुढे संसाराच्या पलीकडे नेणारे जे जे स्थान, त्याला तीर्थ म्हणू लागले. म्हणजे तीर्थाचा मूळ धर्म स्नान नव्हे, पार नेणे हा आहे. या अर्थाने मुंबईत तीर्थ शोधायला निघालो तर पहिले तीर्थ मिठीचा उतार हेच ठरते. शहर आणि उपनगर यांच्यामधून लाखो माणसे पोटासाठी रोज जी पार होतात, ती येथून. आणि जिने हा उतार सर्वांना फुकट मोकळा करून दिला त्या बाईने तीर्थ बांधले असे म्हणायला माझी हरकत नाही.

येथे कोणी शंका घेईल, ‘बुवा, चंद्रभागेची महती पुराणांनी गायली, संतांनी गायली. तिच्या जोडीला तुम्ही ही गटार बसवता काय?’

शंका योग्य आहे. उत्तर असे की तुलना करायचीच नाही. चंद्रभागा ती चंद्रभागा. पण चंद्रभागा म्हणजे कोण, तेही पाहिले पाहिजे. ती भीमा नदी आहे. भीमाशंकरच्या रानात एका लहान झऱ्यासारखी निघते, दीडदोनशे गावांची माणसे, गुरे, शेते सांभाळत येते आणि पंढरीजवळ चंद्रकोरीसारखी वळते. तेवढ्या वळणापुरते तिचे नाव चंद्रभागा. वळण संपले की पुन्हा भीमा. पाणी वरचे तेच, खालचे तेच. मध्ये नाव बदलले, कारण तिथे एक भक्त आईबापांची सेवा करत होता आणि देव विटेवर उभा राहून त्याची वाट पाहत होता. नदीला मोठेपण कोणी दिले? शेजारी घडलेल्या सेवेने दिले.

पुंडलिकाच्या कथेचा गाभा पुन्हा आठवा. देव दारात आला तेव्हा पुंडलिक धावत गेला नाही. हातातली सेवा जवळची होती, ती आधी. देवाला त्याने वीट दिली आणि थांबायला सांगितले. देव रागावला नाही, तो थांबला, आजही थांबला आहे. अरणच्या सावता महाराजांचेही तेच. मळा सोडून ते पंढरीला धावले नाहीत, मळ्यातल्या कामातच त्यांना पांडुरंग भेटला. आपला संप्रदाय दूरच्या देवाकडे चालत जाणारा आहे हे खरे, पण जवळचे कर्तव्य टाकून चालत जाणारा नाही. दोनअडीचशे किलोमीटर पायी जाऊन चंद्रभागेला कवटाळायचे आणि घराखालच्या नदीत निर्माल्याची पिशवी भिरकवायची, या दोन गोष्टी एका माळेत ओवता येत नाहीत.

आणि या नदीचे मुंबईवर ऋण किती आहे! मुंबई बेटावर विहिरी आणि तळी होती, पण वस्ती वाढली तशी ती पुरेनात. तेव्हा या मिठीच्याच खोऱ्यात बांध घालून विहार तलाव केला. काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६० साली पुरे झाले. तेथून नळाने शहराला पाणी आले. मुंबईच्या घराघरांतल्या नळाची सुरुवात ती. पुढे १८७९ साली तुळशी तलाव झाला, १८९१ साली पवई झाला. पवईचे पाणी पिण्याला लागेना, पण विहार आणि तुळशी आजही मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांत मोजले जातात. म्हणजे ज्या नदीचे पहिले पाणी मुंबईने प्याले, तिच्याच खालच्या अंगाला मुंबईने आपले सांडपाणी सोडले. कारखान्यांचे तेल, गोठ्यांचे शेण, भंगाराच्या गोदामांचा कचरा, वस्त्यांचा मैला. वर तोंडाला लावायचे आणि खाली पाय धुवायचे, इतकेही नाही, त्याहून वाईट. मग ‘नाला’ हे नाव आले. नाव बदलले की वागणे बदलते, हे नामधारकाला वेगळे सांगायला नको. ज्याला नदी म्हटले त्यात थुंकताना माणूस क्षणभर थांबतो. ज्याला नाला म्हटले त्यात टाकताना थांबायचे काय कारण?

खालच्या अंगाचे आणखी एक आहे. माहीमकडून भरतीचे खारे पाणी या नदीत आत शिरते आणि ओहोटीला परत जाते. दोन्ही बाजूंना तिवरांचे रान आणि खाजण होते. पावसाचे गोडे पाणी वरून आले आणि त्याच वेळी समुद्राला भरती असली, तर ते पाणी या खाजणात पसरे, भरती ओसरेपर्यंत थांबे आणि मग सावकाश निघून जाई. म्हणजे नदीची ती धर्मशाळा होती. ती आपण बुजवली. १९७० च्या दशकापासून तेथे भर पडत गेली, मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या. वर विमानतळासाठी नदीला काटकोनात वळवले. काठावर, पात्रात, जागा मिळेल तिथे गरिबांनी झोपड्या घातल्या, कारण शहराला त्यांचे हात हवे होते, पण त्यांना राहायला जागा कोणी ठेवली नव्हती. श्रीमंताने भर घालून घेतले, गरिबाने पत्रा ठोकून घेतले. नदी आक्रसत गेली.

२६ जुलै २००५ ला तिने आपली जागा मागितली. त्या दिवशी चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच दिवशी कुलाब्याला ७३ मिलिमीटर. एकच मुंबई, पण नदीच्या या बाजूला प्रलय आणि त्या बाजूला नेहमीची पावसाळी संध्याकाळ. त्यात दुपारची भरती. वरून येणारे पाणी आणि समुद्रातून येणारे पाणी मध्येच भेटले आणि कुर्ला, कलिना, साकीनाका, सगळीकडे पसरले. शेकडो माणसे गेली. ज्यांनी जन्मभर तिला नाला म्हटले त्यांना दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांतून कळले की ही मिठी नावाची नदी आहे.

आमच्या सप्ताहाचे मृदंगवादक तेव्हा काठावरच्या एका वस्तीत राहत. गिरणी बंद पडल्यावर ते तिथे आले होते. वस्तीत विठ्ठल-रखुमाईचे एक छोटे देऊळ होते आणि दर वर्षी माघात सप्ताह होई. माझी पंधरा-सोळा वर्षांची काल्याची सेवा त्या देवळापुढे झाली. त्या रात्री पाणी त्यांच्या पोटमाळ्याला लागले. बायकामुले शेजारच्या पक्क्या इमारतीच्या जिन्यात होती. चार दिवसांनी मी गेलो तेव्हा मृदंग दोरीला टांगला होता. शाई फुगून निघाली होती, पुडी सैल पडली होती, वाद्या सडल्या होत्या. मी म्हटले, ‘मृदंगबुवा, वाद्य गेले.’ ते म्हणाले, ‘खोड शाबूत आहे, महाराज. कातडे काय, पुन्हा चढवता येते.’

खरी परीक्षा पुढे झाली. त्या पुरानंतर सरकारने जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, मिठीसाठी प्राधिकरण स्थापन झाले आणि नदी रुंद व खोल करण्याचे काम निघाले. वरचे ११.८४ किलोमीटर महापालिकेकडे आणि खालचे ६ किलोमीटर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. काम आवश्यक होते, याविषयी दुमत नाही. पण नदी रुंद करायची म्हणजे काठावरची घरे काढायची. आमची ती वस्ती त्यात गेली. देऊळही गेले. कोणाला पूर्वेकडे लांबच्या इमारतीत खोली मिळाली, कोणाची कागदपत्रे पुरी पडली नाहीत, कोणी गावी परतले. एका गल्लीतले टाळकरी चार दिशांना पांगले.

मृदंगबुवांना खोली मिळाली ती कामापासून दोन तासांच्या अंतरावर. सामान बांधत असताना ते मला म्हणाले, ‘महाराज, पाण्यालाही बैठक लागते. त्याची बैठक अडवली होती, ती त्याने मागून घेतली. त्याच्यावर माझा राग नाही. पण माझी बैठक कुठे, हे मला आधी कोणी विचारले असते तर बरे वाटले असते.’

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. यात दोन सत्ये आहेत आणि दोन्ही पुरी आहेत. नदीला जागा हवी हे खरे. माणसाला जागा हवी हेही तितकेच खरे. काही जण फक्त नदीचे बोलतात आणि काठावरचा माणूस म्हणजे कचराच असे समजतात. काही जण फक्त माणसाचे बोलतात आणि नदीला गप्प बसवता येईल असे मानतात. नाथमहाराजांचे चरित्र आपल्यापुढे आहे. गोदेच्या तापलेल्या वाळूत रडणारे अंत्यजाचे मूल त्यांनी कडेवर उचलून घरी पोहोचवले. काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड तहानेने तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखी रिकामी केली. नाथांना गंगेचे पावित्र्य कमी होते काय? गोदा तर त्यांच्या नित्य स्नानाची. पण पाण्याचे पावित्र्य आणि प्राण्याची तहान यांत त्यांनी भांडण लावले नाही. पाणी ज्याच्यासाठी पवित्र, त्यालाच त्यांनी ते दिले. नदी स्वच्छ करणाऱ्याने काठच्या माणसाला कडेवर घेतले पाहिजे, आणि काठच्या माणसाने नदीला तहानलेली ठेवू नये. दोन्ही मिळून एकच धर्म.

सप्ताहाचे काय झाले, हे वाचक विचारतील. एक वर्ष खंड पडला. दुसऱ्या वर्षी मरोळच्या एका चाळीच्या अंगणात मांडव घातला. पारायणाला लोक जमतील असे वाटत होते, चिंता होती ती पहाऱ्याची. सप्ताहात सात दिवस विणा खाली ठेवायचा नाही, हा नियम आपण सर्व जाणतो. दोन-दोन तासांचे पहारे लावायचे आणि एकाच्या गळ्यातला विणा दुसऱ्याने घ्यायचा. वस्ती एका ठिकाणी होती तेव्हा रात्रीच्या दोनच्या पहाऱ्यालाही घरातून उठून माणूस येई. आता माणसे चार उपनगरांत. मध्यरात्री कोण येणार? वहीत रात्रीची घरे रिकामी होती.

ती घरे भरली लांब गेलेल्यांनीच. मृदंगबुवा म्हणाले, ‘काम सुटल्यावर यायचे, हरिपाठ आणि कीर्तन करायचे. मग रात्री शेवटची लोकल तर चुकणारच. पहाटेपर्यंत थांबायचेच आहे, मग दोन ते चार माझा पहारा लावा.’ त्यांचे पाहून इतरांनीही नावे दिली. ज्यांची घरे नदीने नेली म्हणा, नदीसाठी गेली म्हणा, त्यांनीच नदीच्या अलीकडे येऊन सात रात्री विणा धरला. सकाळी पहिल्या गाडीने ते परत जात. तेव्हापासून आजपर्यंत पहारा चुकलेला नाही. मृदंगबुवा आता थकले, त्यांचा नातू येतो. मृदंग तोच आहे, पुडी नवी.

मराठीत मिठी म्हणजे आलिंगन. मीठ म्हणजे लवण. हिंदी कानाला मीठी म्हणजे गोड. गोडे आणि खारे पाणी जिथे एकमेकांना कवटाळते त्या नदीला याहून चांगले नाव कोणते शोभेल? आपल्या संप्रदायात वारकरी वारकऱ्याला भेटला की आधी पाया पडतो आणि मग उराउरी भेटतो. लहानथोर, जातपात, गावशहर त्या भेटीत उरत नाही. मुंबईच्या नकाशावर शहर आणि उपनगर जिथे उराउरी भेटतात, तिथे ही नदी आहे. ती भेट आपण घाण करून ठेवली आहे, एवढेच.

‘हे काम सरकारचे, पालिकेचे. एकट्या माळकऱ्याने काय होणार?’ हा शेवटचा प्रश्न. सरकारचे काम सरकारने केलेच पाहिजे. दर उन्हाळ्यात गाळ उपसला जातो आणि दर पावसाळ्यात पुन्हा भरतो, यावरून एक कळते, नुसता उपसा पुरत नाही. कारखान्याची मोरी आणि वस्तीची मोरी जोवर नदीत सुटते तोवर गाळ येतच राहणार. त्यासाठी नळ, प्रकल्प, कायदा लागतो. ते मागायचे, सनदशीर मार्गाने आणि सतत मागायचे. पण गाडगेबाबा सरकारची वाट पाहत बसले नव्हते. गावात शिरले की आधी खराटा, संध्याकाळी कीर्तन. दिवसा रस्ता झाडायचा, रात्री मने झाडायची. त्यांचे अखेरचे कीर्तन १९५६ च्या नोव्हेंबरात वांद्र्याला झाले, म्हणजे याच मिठीच्या मुखाजवळ. त्यांचा खराटा जणू त्यांनी आपल्या दारात ठेवला आणि पुढच्या महिन्यात देह ठेवला.

इंद्रायणीवर फेस दिसला की आपल्याला वाईट वाटते. चंद्रभागेत वारीसाठी उजनीचे पाणी सोडावे लागते, याची खंत वाटते. वाटलीच पाहिजे. पण इंद्रायणीसाठी बोलण्याचा अधिकार हवा असेल तर तो मिठीपाशी, दहिसरपाशी, पोयसरपाशी, ओशिवऱ्यापाशी मिळवावा लागेल. म्हणून उपनगरांतल्या मंडळांना चार गोष्टी सुचवतो. सप्ताहाच्या पत्रिकेवर मंडळाच्या पत्त्याबरोबर जवळच्या नदीचे नाव छापा, ‘मिठीतीर, मरोळ’ किंवा ‘दहिसरतीर, बोरिवली’ असे. पुढच्या पिढीला निदान नाव तरी कळेल. हार, तुळशी, बुक्क्याचे कागद, जुन्या तसबिरी, जीर्ण पोथ्या, यांतले काहीही नदीत जाणार नाही, याची जबाबदारी एका सेवेकऱ्यावर सोपवा. निर्माल्याचे खत करा आणि त्यातच पुढची तुळस लावा. तिसरे, नदीसाठी ज्यांची घरे गेली त्यांची नावे पहाऱ्याच्या वहीत ठेवा. ते लांब गेले म्हणून दिंडीतून वगळले गेले असे होऊ देऊ नका. आणि चौथे, वर्षातून एक दिवस सगळ्या मंडळाने मिळून नदीच्या काठाने चाला, जिथे चालता येईल तिथे. चालणे हा आपला धर्मच आहे. जे पायांनी पाहिले ते मन विसरत नाही.

सात दिवस विणा एकट्याने कोणी धरत नाही. धरूही शकत नाही. दोन तास आपले, मग दुसऱ्याचे. एवढ्या नियमावर विणा अखंड राहतो. नदीचेही तसेच आहे. तिला एका मोठ्या उद्धारकर्त्याची गरज नाही, तिला पहारा हवा आहे. ज्याने त्याने आपले दोन तास सांभाळावेत आणि पुढच्याच्या गळ्यात द्यावेत. ज्येष्ठ लागला आहे, पालख्या निघतील, पाऊसही येईल. वारीला जाणाऱ्यांनी चंद्रभागेला आमचा दंडवत सांगावा. मागे राहणाऱ्यांनी इथल्या पहाऱ्याची वही उघडावी.

रामकृष्ण हरि.